पीक बघून पुस्तक

एकही पान न उलटता पुस्तकाची पारख करणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. जिंतूरजवळच्या खेड्यात त्यांची सोयाबीन-कापसाची शेती. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी जावास्क्रिप्ट शिकायचं ठरवलं. वेबसाइट बनवायला लागणारी ही भाषा आहे, एवढं मलाही त्यांच्याकडूनच कळलं. कारण विचारलं तर म्हणाले, "पोरगी पुण्यात तेच करायलीय. फोनवर जेवलात का, जेवलो, एवढं झालं की बोलणंच सरतंय. कामाचं इचारलं तर म्हणती, अप्पा, तुमाला न्हाई कळायचं."

शिकायचं तर उत्तम पुस्तकातूनच. आणि ते निवडायची त्यांची रीत बियाणं घेण्याची. दुसऱ्याच्या रानात उभं पीक बघितल्याशिवाय त्यांनी आजवर कुठलंच वाण पेरलेलं नाही. परभणीच्या दुकानदाराने चार जाडजूड पुस्तकं पुढे टाकली, तर यांनी एकालाही हात लावला नाही. "हे वाचून शिकलेला माणूस दाखवा," म्हणाले. दुकानदार माझ्याकडे बघू लागला आणि मी पंख्याकडे.

पण साडूंनी माणसं हुडकून काढली. पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरात एक तरुण निघाला, त्याला बघायला आम्ही दोघं गेलो. मुलगा जेवायला बसला होता. साडूंनी त्याला वेबसाइटबद्दल चकार शब्द विचारला नाही. त्याच्या आईशी पाऊसपाण्याचं बोलले, चहा घेतला आणि बाहेर आल्यावर निकाल दिला, "नको हे पुस्तक. पोरगा मोबाइलात बघून भाकर मोडायलाय. ताटात काय हाय त्याला ठावं न्हाई." येलदरीला संगणक शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांचं पुस्तक मला तर पसंत पडलं होतं. पण बाईंकडे प्रत्येक गोष्टीचं लांबलचक उत्तर तयार असे. "पाला लय, दाणा कमी," म्हणून साडूंनी तेही बाद केलं. असे दोन हंगाम गेले. "यांचं पुस्तक ठरायच्या आधी पोरीचं लग्न ठरंल," असं माझी मेहुणी येईल त्याला सांगायची.

दिवाळीला पोरगी घरी आली. आम्हीही गेलो होतो. जेवताना मी सहज विचारलं, "तू कुठल्या पुस्तकातून शिकलीस गं?"

"होस्टेलच्या मैत्रिणीचं होतं, काका. जुनंपानं. अजून माझ्यापाशीच आहे."

साडूंचा घास हातातच राहिला. जिल्हाभर पिकं बघत हिंडलेल्या या गृहस्थांनी घरचं रान बघितलंच नव्हतं. आता बघितलं, तर पोरीचा डावा हात लॅपटॉपवर, नजर पडद्यावर, आणि वरणात बुडवायची भाकर ती पाण्याच्या पेल्यात बुडवत होती. त्यांच्या कसोटीने पुस्तक तिथेच नापास व्हायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला जरा मजाच वाटली. पण साडू म्हणाले, "तेच दे पाठवून."

हात धुताना मी त्यांना पेल्याची आठवण करून दिली.

"पीक कसंबी असू द्या, साडूभाऊ," ते म्हणाले, "रान घरचं हाय."

पुस्तक येऊन आता वर्ष होत आलं. साडू तिसऱ्या धड्यावर आहेत. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पोरीला फोन लावतात आणि अडलेलं विचारतात. ती चिडते, समजावून सांगते, पुन्हा चिडते. परवा मी गेलो तेव्हा चहा निवून गेला तरी त्यांचं बोलणं चाललंच होतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, पुस्तक कसं निघालं?

"लय बेकार. एक ओळ आपली आपल्याला कळंना. समदं तिलाच इचारावं लागतंय."

"मग दुसरं बघू या की."

त्यांनी पुस्तक मिटलं, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं आणि मांडीवर ठेवलं.

"नको," म्हणाले. "हेच पुरवून पुरवून वाचायलोय."