घरगुती कारण

सुकदेव अप्पांइतका माणसाला बोलतं करणारा कारकून मी दुसरा पाहिला नाही, आणि म्हणूनच त्यांचा मला अजून राग येतो. पाचोऱ्याच्या एका सरकीच्या तेलगिरणीत ते लेबर क्लार्क होते आणि मी टायपिस्ट. नोकरी सोडणाऱ्याला कारण विचारून फॉर्म भरणं हे त्यांचं काम. मॅनेजरसमोर कोण खरं बोलणार? म्हणून अप्पा आधी त्याचे सगळे कागद त्याच्या हातात ठेवत, मग फाटकाबाहेर लिंबाखाली नेऊन चहा पाजत. "आता तू इथला नोकर नाहीस. बोल," म्हणत. माणूस भडाभडा बोलायचा.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात बॉयलरची भट्टी सांभाळणारे तीन फायरमन पाठोपाठ नोकरी सोडून गेले. तिघेही "भेव लागस" एवढंच म्हणाले. अप्पांना ते कामचुकारांचं रडगाणं वाटलं. भीती कसली, हे त्यांनी एकालाही विचारलं नाही. तिन्ही फॉर्मवर 'घरगुती कारण' लिहिलं आणि पहिल्याच्या जागी स्वतःचा जावई भाईदास चिकटवला.

चौथा झुलाल. त्यानं फॉर्मवर आधीच लिहिलेलं 'घरगुती कारण' वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"मना घर बठ्ठं चांगलं शे, अप्पा. त्या सेफ्टी वॉल्व्हले तार बांधेल शे. वाफ कोठे जाई? मी सांगस ते लिखा."

वाफ वाढली की आपोआप उघडणारी ती झडप. ती सारखी उघडून काम खोळंबायचं, म्हणून मॅनेजरनंच ती आवळून टाकायला लावली होती. भाईदास त्याच बॉयलरवर होता. अप्पांनी झुलालचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं आणि ते तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. दोन मिनिटांत बाहेर आले तेव्हा फॉर्मचे चार तुकडे त्यांच्या मुठीत होते. "निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, सांभाळून राहा म्हणाले," एवढंच बोलून त्यांनी कोरा फॉर्म घेतला.

दुसऱ्या दिवशी भाईदासचा राजीनामा आला. कारण घरगुती. तो रावेरला केळीच्या ट्रकांवर लागला. माझ्या जिवाचा घोर कमी झाला, खोटं कशाला बोलू. जावई सुटला, आता अप्पा उरलेल्यांना सावध करतील, असं मला वाटलं. आठ दिवस गेले. अप्पा गप्प राहिले. बॉयलर इन्स्पेक्टरला एक पोस्टकार्ड मीही टाकू शकत होतो, टाकलं नाही.

मग भाईदासच्या जागी अभिमन आला. गावाकडचा, अंगापिंडानं मजबूत, नोकरी मिळाली म्हणून खुशीत. सही करता करता त्यानं सहज विचारलं, "आधीना मानूस का बरं सोडी गया, अप्पा?"

माझी बोटं टाइपरायटरवर थांबली. अप्पांनी चष्मा पुसला.

"घरगुती कारण," ते म्हणाले.

अभिमन बिल्ला लावून बॉयलरकडे गेला. आमच्या ऑफिसची मागची भिंत बॉयलरघराची होती, उन्हाळ्यात तिला हात लावला तर चटका बसायचा. अप्पा उठले आणि त्यांनी आपलं टेबल त्या भिंतीपासून ओढत ओढत फाटकाकडच्या खिडकीशी नेलं. जड होतं. मी दुसऱ्या बाजूनं हात लावला, आणि मग माझंही टेबल सरकवलं.