ओल्या गुडघ्याची चिठ्ठी

गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ती विजेच्या भट्टीत कंबरेपर्यंत वाकून तुकडे वेचत होती. भरड राखाडी तुकडे डाव्या बादलीत, पातळ पांढरे उजवीत. राखाडी तिचे स्वतःचे, पांढरे चिमणीचे. भाजणी मध्येच थांबवल्यामुळे माती अजून कच्चीच होती. जरा जोर लावला की बोटांत भुगा होत होता.

चिमणी म्हणजे तिची वर्गमैत्रीण. ती वर्षभर मुठीत मावतील एवढे पक्षी करत होती, अंड्याच्या टरफलासारखे पातळ. चाळीस केले होते. मंगळवारी नऊ उरले.

तिला स्वतःला कलाशाळेत सगळे मिस्त्रीण म्हणत. वडील गवंडी, आणि हिचं कामही त्याच वळणाचं. थापी घेऊन स्टुलावर चढायचं आणि मातीच्या वळ्यांचे थर रचत जायचे. पहिल्या वर्षी तिच्या हातून वीतभर उंचीचंही धड उभं राहत नव्हतं. भिंती फाटत, नाहीतर मध्येच बसकण मारत. दुसऱ्या वर्षी ती मातीत विटांचा चुरा मळायला आणि पोकळ पोटात आडव्या भिंती घालायला शिकली, आणि काम मांडीपर्यंत आलं. या वर्षी ते छातीपर्यंत पोचलं होतं. दुमडलेला एक गुडघा. आई शिवणाचं कापड बेतायला जमिनीवर बसते, तेव्हाचा. शुक्रवारी परीक्षक तो बघणार होते.

भट्टीच्या खोलीची एक रीत आहे. भट्टी लावायच्या सकाळी ज्याचं त्यानं आपलं काम गालाला लावून बघायचं. ओल असेल तर माती गार लागते. मग चिठ्ठीवर नाव, भिंतीची जाडी, आणि ‘कोरडं’ की ‘ओलं’ ते लिहून सही करायची. भट्टीवाले काका चिठ्ठी वहीत चिकटवतात आणि तिच्यावरून आच ठरवतात. ‘ओलं’ असेल तर अख्खा दिवस दार किलकिलं ठेवून नुसता शेक. ‘कोरडं’ असेल तर दोन तासांत आच वर.

मंगळवारी ती फरशीवर पालथी पडली होती आणि गुडघ्याच्या बुडाला गाल लावला होता. गार लागला. ‘ओलं’ लिहिलं असतं तर मंगळवार नुसत्या शेकातच गेला असता, आणि भाजून निवेपर्यंत परीक्षा होऊन गेली असती. तिनं ‘कोरडं’ लिहिलं. सही नेहमीपेक्षा सुबक आली.

सव्वादहाला भट्टीत धप्प झालं. आतल्या पाण्याची वाफ होऊन बूड फुटलं होतं, आणि त्याच्या ठिकऱ्यांनी पक्ष्यांचा चुराडा केला होता.

“माझी आच घाईत चढली,” असं काकांनी आपणहून विभागप्रमुख बाईंना सांगितलं. बाईंनी त्यांची बदली कोठीवर केली, ब्रश आणि रंग वाटायला. आज किल्ली परत द्यायची होती. साडेसातला खोली उघडून ते आपलं सामान आवरायला गेले होते, ते वही घेऊन परत आले.

“अगं, राहू दे ते. माझी घाण मी काढतो.”

“असू दे, काका.”

काका उलट्या बादलीवर बसले. “सव्वीस वर्षं झाली. असं एकदाही नाही. आचेच्या काट्यात घोळ असणार, नाहीतर माझ्या डोळ्यांत. घरची म्हणते, चष्मा बदला म्हणून मी कानीकपाळी ओरडतेय, तुम्ही ऐकाल तर शपथ!” त्यांनी वहीतल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. “तू तर स्वच्छ लिहिलंयस, कोरडं. म्हणजे उरलं कोण? मीच ना? तुझी माफी मागायची राहिली होती बघ.”

तिनं भट्टीतून डोकं बाहेर काढलं नाही. आत निदान तोंड दिसत नव्हतं. आदल्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं होतं, “आमच्यात स्लॅब खचला की मिस्त्रीला धरतात. तुमच्यात भट्टीवाल्याला धरतात काय?” ती “हो” म्हणाली होती आणि जेवत राहिली होती.

साडेआठला बाई आल्या आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. काका खिसा चाचपू लागले.

“ते ओलं होतं,” ती म्हणाली.

“काय ओलं होतं?”

“गुडघा. गाल लावला तेव्हा गार लागला होता.”

“आणि लिहिलंस काय?”

“कोरडं.”

“म्हणजे तुला मंगळवारपासून ठाऊक होतं?”

“भट्टी लावायच्या आधीपासून.”

काकांनी वही मिटली. “काल मी त्या चिमणीपुढे हात जोडले,” ते सावकाश म्हणाले, “तेव्हा तू दारातच उभी होतीस.”

“हो.”

बाईंनी हात मागे घेतला. “किल्ली असू दे तुमच्याकडेच. आणि तू, उद्या तुझा मांडणीचा ओटा रिकामा का, ते परीक्षकांना तूच सांगायचं. चिमणीला आत्ता जाऊन सांग.”

वर्गात चिमणी नऊ पक्षी ओळीत मांडत होती. पलीकडून एकानं हाक मारली, “काय मिस्त्रीण, इमारत कोसळली म्हणे!” एरवी तिनं त्याला सोडलं नसतं. आज ती चिमणीच्या ओट्याशी उभी राहिली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आवाज बारीक झाला, पण शब्द एकही गाळला नाही.

चिमणीनं ऐकून घेतलं. “माझे किती गेले, मोजलेस का तू?”

“एकतीस.”

“बरं. जा आता.”

ती परत आली तेव्हा काका भट्टीतून शेल्फं काढून भिंतीला टेकवत होते.

“काका, मी...”

“माफी नको मागू. माफ्यांची हौस कालच फिटली माझी.” त्यांनी हात पुसले. “यापुढे तुझी सही चालणार नाही. तुझं काम मी बघणार, मीच लिहिणार. ‘ओलं’ म्हटलं की ओलं. कुरकुर नको.”

“नाही करणार.”

“उद्या तुझा नंबर कधी?”

“एकला.”

“मग सकाळी मोकळीच आहेस.”

शुक्रवारी भट्टी लावत नाहीत. त्या दिवशी शेल्फं खरवडून त्यांना पांढरा लेप द्यायचा असतो. शेल्फं चौदा आहेत, आणि खोली साडेसातला उघडते.