पाचव्या उठाबशीनंतर

केंद्रात कामाला येणाऱ्या प्रत्येकाला देतात तशी तिच्याही गळ्यात शिट्टी असते, पण ती वाजत नाही. आतला मणी तिने पहिल्याच आठवड्यात काढून टाकला, कारण त्या आवाजाने केंद्रातले चौघं कान दाबून खाली बसायचे. शिट्टी मात्र गळ्यातून उतरली नाही आणि तिचं नाव शिट्टीताई पडलं.

विशी-पंचविशीतली स्वमग्न मंडळी दिवसभर येतात असं हे केंद्र. इथे येण्याआधी पंधरा वर्षं ती लॉन्ड्रीत इस्त्री करत होती. इथे आली तीसुद्धा चटया पुसायला. एक दिवस व्यायामाच्या मास्तरांनी तिच्या हातात फोन दिला.

"धर जरा. मी हात वर करतो, तू शूटिंग घे."

तिने धरला. मास्तरांनी नंतर बघितलं आणि म्हणाले, "अगं, हात आहे की खांब? बाकी कुणी धरला की भूकंप झाल्यासारखं दिसतं."

तेव्हापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं. मास्तर एका व्यायामाचे पाच-सहा तुकडे पाडायचे. पाय किती फाकवायचे, हा एक तुकडा. कंबर कुठवर न्यायची, हा दुसरा. नको तेवढं शिट्टीताईने कापायचं आणि मग ते ॲपवर चढायचं. ज्याने त्याने आपापल्या टॅबवर बघायचं, थांबवायचं, हवं तर वीसदा बघायचं, मग करायचं. टॅब वैतागत नाही. आज एक आणि उद्या भलतंच सांगत नाही. माणूस शिकवायला आला की भिंतीला चिकटणारे दोघं टॅबपुढे घाम निघेस्तोवर हलायचे.

"फक्त एक ध्यानात ठेव," मास्तर सांगायचे. "मी नाक खाजवलं तर ते काप. नाहीतर यातले काही जण तेही शिकतील. व्यायाम कुठला आणि खाज कुठली, हे त्यांना कुणी सांगितलंय?"

सांगणारे स्वतःच चुकायचे. एका व्हिडिओत ते दोरीच्या उड्या संपवून "कुणीतरी पंखा लावा रे" म्हणाले आणि ते कापायचं राहिलं. अजूनही दोघं जण उड्या संपल्या की कडाक्याच्या थंडीत पंखा मागतात.

शेवटचा व्हिडिओ उठाबशांचा होता. "शिक्षेच्या नव्हेत हं, तब्येतीच्या," म्हणत मास्तरांनी सुरुवात केली. पाचवी झाली. त्यांचा उजवा हात छातीवर गेला. त्यांनी दाराकडे पाहिलं, तीन खोल श्वास घेतले आणि हसून म्हणाले, "हं. झालं."

"मास्तर, परत घेऊ का?"

"राहू दे. उद्या काप तेवढं."

शिट्टीताईला वाटलं, दमले असतील. तिचा हात जराही हलला नव्हता. चित्र स्वच्छ आलं होतं.

त्याच संध्याकाळी बस-स्टॉपवर मास्तरांचं हृदय बंद पडलं आणि ते गेले. नंतर तिला ती फाईल उघडवेना. ऑफिसातल्या माणसाने पाहिलं, व्हिडिओ पूर्ण आहे, आणि तसाच चढवून टाकला.

महिन्याभराने ती बादली घेऊन हॉलमध्ये शिरली. टॅबसमोर पाच जण उठाबशा काढत होते. पाचवीला पाच उजवे हात छातीवर गेले. पाच माना तिच्याकडे वळल्या, कारण दारात ती उभी होती. तीन श्वास. मग कुणी पुटपुटत, कुणी स्पष्ट, "हं. झालं." बादली तिच्या हातातून सुटली.

तेव्हाच व्हिडिओ बदलायला हवा होता, हे तिलाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर तिला ते हवं होतं. रोज अकरा वाजता मास्तर पाच अंगांतून हॉलमध्ये येऊन जायचे. ती पुसणं थांबवून भिंतीशी उभी राहायची.

त्या पाचांत एक इन्स्पेक्टर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बुटांच्या नाड्या तपासतो म्हणून हे नाव. मोजकं बोलणारा, आणि दुखलंखुपलं तर तेवढंही नाही. एकदा तो आठवडाभर आला नाही. त्याची आई एकटीच आली आणि बाकावर बसली.

"न्यूमोनिया निघाला. तीन दिवस छातीवर हात ठेवून दाराकडे बघत होता हो. आणि मी म्हणतेय, शाबास राजा, घरीसुद्धा व्यायाम!" ती थांबली. "डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर... ताई, आता याचं खरं दुखणं मी ओळखायचं कसं?"

दुसऱ्यांदा तेच झालं होतं. हात छातीवर होता आणि बघणाऱ्याला काही कळलं नव्हतं.

दुपारी शिट्टीताईने फोन स्टँडवर लावला आणि स्वतः समोर उभी राहिली. पाच उठाबशा काढल्या, बघितलं. पाचवीनंतर तिचाच हात छातीवर गेला होता. पुन्हा काढल्या, हात निम्म्यावर थांबला, मान दाराकडे वळली. चौथ्या वेळी ती फोनला म्हणाली, "मास्तर, सोडा आता."

मग तिने टॉवेल घेतला. दोन टोकं दोन मुठींत, टॉवेल ताठ, हात समोर. इस्त्रीच्या टेबलावर चादर ताणावी तसा. हात गुंतले, छातीवर जायचे राहिले. तो व्हिडिओ चढला आणि जुना सगळ्या टॅबवरून निघाला. शूटिंगच्या फोनमधला मूळ मात्र तिने पुसला नाही. उघडलाही नाही.

इन्स्पेक्टर परत आला, पण बरेच दिवस पाचवीनंतर टॉवेल फेकून हात छातीवर न्यायचा. "मास्तर कुठे?" ती म्हणायची, "मास्तर नाहीत. टॉवेल आहे." हळूहळू टॉवेल मुठीत राहू लागला. आईने घरूनही कळवलं, हात जात नाही आता.

मग एका सकाळी तिसऱ्याच उठाबशीला टॉवेल खाली पडला. हात छातीवर. शिट्टीताई हातातली चटई टाकून धावली. मोजणीत तीन झाले होते, पाच नव्हते.

"दुखतंय? दाखव, कुठे?"

त्याने शर्ट पुढे ओढून दाखवला. केंद्राच्या बिल्ल्याची पिन उघडली होती आणि कातडीवर रक्ताचा एक ठिपका होता. तिने पिन काढली, बोटाने ठिपका पुसला. मग तिथेच जमिनीवर बसली. त्याने तिच्या नाड्या तपासल्या.

दाराकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. पाहिलं ते तिने.

मग टॉवेल उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हं. चार."