कॅचरचे बाबा

आमच्या सॉफ्टबॉल टीमकडे कप कमी आहेत. शाळेच्या कपाटात जे दोन दिसतात, त्यातला एक रांगोळी स्पर्धेचा आहे. किस्से मात्र ढीगभर! स्पर्धेहून परत येताना बसमध्ये एकीने सुरू केलं की दुसरी भर घालते, तिसरी दुरुस्ती करते, आणि आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत किस्सा फुगून दुप्पट झालेला असतो. मी खिडकीशी बसून ऐकते. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे ते न फुगलेले राहतात. इथे लिहिते आहे ते मूळ मापाचे आहेत.

आधी थोडं सांगायला हवं. बॉल टाकते ती पिचर, मारते ती बॅटर, आणि बॅटरच्या मागे तोंडाला जाळीचा मास्क लावून उकिडवी बसते ती कॅचर. ती मी. मैदानावर सगळ्यांची तोंडं माझ्याकडे असतात आणि माझं एकटीचं सगळ्यांकडे. म्हणून ओरडून सांगायचं काम कॅचरचं: किती आउट झाल्या, बॉल कुणी घ्यायचा, मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या कुठल्या बेसवर फेकायचा. मला मास्क आवडला म्हणून मी कॅचर झाले. ओरडावं लागतं हे नंतर कळलं!

नागपूरच्या एका कॉलेजात खेळाडू मुलींचं होस्टेल आहे. राहणं, जेवण, शिकणं, सगळं त्यांच्याकडे. यंदा अकरावीला तिथे कॅचरची एकच जागा होती. आमच्याकडे दहावीनंतर मुलींची टीमच नाही. म्हणजे ती जागा मिळाली तर खेळ, नाही मिळाली तर मास्क माळ्यावर. मला ती जागा हवी होती. बाबांना माझ्याहून जास्त.

*

माझे बाबा अनाउन्समेंट करतात. ऑटोच्या टपावर भोंगा, हातात माइक. साडीचा सेल, भागवत सप्ताह, हरवलेली म्हैस, सगळं तेच सांगतात. हरवलेल्या म्हशीचं वर्णन तर असं करतात की ऐकणाऱ्याला ती विकत घ्यावीशी वाटते.

वाशिमला माझी पहिली मॅच होती. बाबा ऑटो घेऊनच आले. आमच्या खेळाच्या सरांनी गेटवरच हात जोडले. "भाऊ, भोंगा बाहेरच ठेवा. इथं चालत नाही."

"ठेवतो न! मले कायले पाह्यजे भोंगा?"

आणि खरंच, त्यांना तो नको होता. पहिल्याच बॉलला बाबा मैदानाच्या कडेच्या जाळीमागून असे काही ओरडले की पलीकडच्या रस्त्यावरचा एक माणूस सायकलवरून उतरला. अंपायरने खेळ थांबवला. "तो लाउडस्पीकर बंद करा आधी!"

सर खाली मान घालून म्हणाले, "लाउडस्पीकर नाही सर. कॅचरचे वडील आहेत."

*

आमच्या बॅटा सोयाबीनच्या पोत्यात प्रवास करतात. कितीही नीट बांधलं तरी त्यांच्या मुठी पोत्याबाहेर डोकावतात. आम्ही सगळ्या एकसारखे टीशर्ट घालून, असं पोतं घेऊन एसटीत चढलो की लोक न सांगता सरकून जागा देतात.

एकदा यवतमाळला निघालो होतो. समोरच्या सीटवरच्या आजींनी पोत्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा पोत्याकडे.

"कोनाले माराले चालल्या वं पोरीहो?"

पूजा राठोड आमची पिचर. ती पोहरादेवीजवळच्या तांड्यावरची, शाळेसाठी मालेगावला मामाकडे राहते. तिची जीभ तिच्या बॉलपेक्षा वेगात जाते. ती म्हणाली, "यवतमाळवाल्याइले, आजी!"

आता आजी घाबरतील असं मला वाटलं. त्यांनी पिशवीतून शेंगदाणे काढले, पूजाच्या ओंजळीत टाकले आणि म्हणाल्या, "चांगल्या माराजा. माह्या दोन्ही नणंदा तिथंच देल्ल्या हायेत."

*

सरांनी पालकांच्या मीटिंगमध्ये सांगितलं की मुलींना प्रोटीन पाहिजे. बाबांनी विचारलं, प्रोटीन कशात असतं? सरांनी बरीच नावं घेतली. त्यात सोयाबीनचं नाव आलं आणि बाबांनी पुढचं ऐकलंच नाही.

"अरे बाप्पा! थे तं घरी पोत्यानं पडून हाय!"

अकोल्याच्या स्पर्धेला बाबा डबाभर उकडलेलं सोयाबीन घेऊन आले. डबा म्हणजे तेलाचा डबा. मीठ, लिंबू, हिरवी मिरची घालून आईने ते चविष्टही केलं होतं. आम्ही सगळ्यांनी सकाळी पोटभर खाल्लं.

पुढचं जरा जपून लिहावं लागेल.

दुसऱ्या इनिंगपासून आमच्या टीममध्ये कुणी कुणाच्या जवळ उभं राहीना. पण कॅचरला सोय नसते. मी उकिडवी बसलेली, माझ्या पुढे बॅटर, माझ्या मागे अंपायर. त्यांच्या बॅटर एकेक करून माझ्यापासून पुढे पुढे सरकायला लागल्या. जितक्या पुढे सरकत, तितका पूजाचा बॉल त्यांच्यापर्यंत लवकर पोचे, आणि बॅट फिरेपर्यंत तो माझ्या ग्लोव्हमध्ये येऊन बसे. एकामागून एक आउट!

शेवटी त्यांची कॅप्टन अंपायरला म्हणाली, "सर, इथं उभं राहवत नाही."

अंपायर नाकावरचा रुमाल न काढता म्हणाले, "मी उभा आहे ना?"

ती मॅच आम्ही जिंकलो. परतीच्या बसमध्ये बाबा सगळ्यांना सांगत होते, "पाह्यलं? प्रोटीन!"

*

नागपूरच्या कॉलेजच्या कोच मॅडमनी फोनवर सांगितलं की मुलीच्या खेळाचा व्हिडिओ पाठवा. बाबांनी पूर्ण मॅचचा व्हिडिओ काढला. मी नीट दिसावी म्हणून अगदी माझ्या पाठीमागे, जाळीला फोन टेकवून उभे राहिले.

माझ्या पाठीमागे अंपायर असतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. अंपायर अंगाने चांगले भरलेले होते. संपूर्ण व्हिडिओत त्यांची पाठ होती. मध्येच ते वाकायचे, तेव्हा पाठही नव्हती.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. बाबांनी स्पीकरवर टाकला.

"व्हिडिओ पाहिला. अंपायर अनुभवी वाटतात. मुलगी कुठे आहे?"

"त्याइच्या समोरच हाय जी!"

"बरं. आणि त्यात सतत एक आवाज येतो, पूजा टाक, सेकंडला फेक, एक आउट झाली. तो कुणाचा?"

"माहा," बाबा खूष होऊन म्हणाले.

"तुम्ही टीममध्ये आहात का?"

"नाई जी."

"मग कॅचरचा आवाज का येत नाही? कॅचर न बोलणारी असेल तर मी घेत नाही. तिच्या भरवशावर आठ मुली उभ्या असतात. ट्रायलला आणा तिला, पण तिथे मला तिचा आवाज ऐकू आला पाहिजे."

बाबांनी फोन ठेवला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "नसन बोलत पोरगी, तं काय बिघडलं? घरात एक पुरे हाय."

*

बाबांनी माझा आवाज उघडायचं मनावर घेतलं. त्यांच्याकडे एकच उपाय होता, माइक. बाजाराच्या दिवशी त्यांनी मला ऑटोत बसवलं, एका दुकानाच्या साडीच्या सेलचं वाक्य पाठ करून घेतलं, आणि भर बाजारात माइक माझ्या हातात दिला.

"बोल!"

मी बोलले. म्हणजे ओठ हलवले. भोंग्यातून कसलीशी कुजबुज बाहेर पडली. बाबांनी कपाळावर हात मारला. "अवं, साडी इकून राह्यली का चुगली करून राह्यली?"

पण मग वेगळंच घडलं. ज्या बायका बाबांच्या आवाजाला कधी मान वर करत नाहीत, त्या थांबल्या. दोघी-तिघी ऑटोजवळ आल्या, मग आणखी आल्या. भाजी घेणं सोडून आल्या.

"काय म्हनते वं थे?"

"साडीचं काहीतरी हाय. हळू सांगून राह्यली, म्हंजे खरंच सस्त असन!"

संध्याकाळी दुकानदार स्वतः घरी आला. बाबांना म्हणाला, "भाऊ, पुढच्या बाजारालेही पोरीलेच पाठवा. तुमी आराम करा."

बाबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

*

पूजाचे बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिकडे पश्चिमेला. त्यांनी तिची एकही मॅच प्रत्यक्ष पाहिलेली नाही. म्हणून वाशिमच्या फायनलला माझ्या बाबांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन जाळीच्या खाचेत नीट बसवून दिला. तिकडे फडातलं काम थांबवून सगळी टोळी त्या एका फोनभोवती बसली होती.

चौथ्या इनिंगला बॅटच्या कडेला लागून बॉल वाकडा सुटला आणि थेट त्या फोनच्या दिशेने गेला. जाळीवर आदळला, फोन खाली पडला. काच फुटली नाही, पण पडद्यावर नुसता ऊस दिसायला लागला.

पूजा धावत आली. "बाबा! बाबा, हाय का तुमी?"

खूप वेळाने तिच्या बाबांचं डोकं पडद्यात वर आलं. मागून एकेक करत टोळीतली बाकीची डोकी वर आली.

"हाव. कोनाले लागलं तं नाई. आमी सगळेच्या सगळे आडवे झालो न!"

*

आणि मग ट्रायल. नागपूर. दोन दिवसांची. पूजाही आली होती, पिचरच्या जागेसाठी. पालकांनी जाळीबाहेर थांबायचं.

पहिल्या दिवशी मी बॉल एकही सोडला नाही आणि तोंडही एकदाही उघडलं नाही. बॉल कुणाचा ते मला कळत होतं. बॉल वर गेला की माझ्या घशात नाव यायचं आणि मास्कच्या आतच राहायचं. मॅडम पहिल्या बेसजवळ उभ्या होत्या. त्यांनी लांबून विचारलं, "कॅचर, किती आउट?"

माझ्या आधीच जाळीबाहेरून आवाज आला, "दोन!"

सगळ्या मुली हसल्या. मॅडमनी पुन्हा विचारलं, "कॅचर, पुढचा थ्रो कुठे?"

"फस्टले!" जाळीबाहेरून.

मॅडम चालत जाळीपाशी गेल्या. "काका, तुम्हाला ॲडमिशन हवी आहे का?"

"नाई जी..."

"मुलींचं होस्टेल आहे. जमणार नाही." मग हसू थांबवून त्या म्हणाल्या, "उद्या तुमचा आवाज आला तर मुलीचं नाव मी काढून टाकेन. बाहेरून सांगितलेलं मला चालत नाही."

त्या दिवशी आम्ही पूजाच्या मावशीकडे उतरलो होतो. जेवताना बाबा फक्त "भाजी दे" म्हणाले. मावशींना वाटलं त्यांना बरं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि तोंडाभोवती गच्च बांधला. डोक्यामागे गाठ मारली, गाठीवर आणखी एक गाठ मारली. पूजा म्हणाली, "काका, श्वास घेता येऊन राह्यला न?" बाबांनी मान हलवली आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला, जाळीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

मी मास्क लावून बसले. मैदान इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. आजवर प्रत्येक मॅचला माझ्या पाठीमागून तो आवाज यायचा, आणि सगळ्यांना सगळं कळायचं. आता कुणालाच काही कळत नव्हतं. एक थ्रो चुकीच्या बेसवर गेला. एक बॉल दोघींच्या मधून गेला, दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

मग शेवटच्या बॅटरने बॉल उंच मारला, सरळ आकाशात, तिसऱ्या बेसच्या बाहेर, जाळीकडे. तिसऱ्या बेसची मुलगी नांदेडची होती, कुणाला ओळखत नव्हती. ती वर बघत धावली. पूजाही वर बघत धावली. दोघींचे डोळे बॉलवर, आणि दोघी एकमेकींच्या दिशेने सुसाट. मला दोन्ही कपाळं दिसत होती. मैदानावर दुसऱ्या कुणालाच ती दिसत नव्हती.

"पूजाऽऽ! सोड!"

पूजा जागच्या जागी खिळली. नांदेडच्या मुलीने पुढे होऊन बॉल अलगद झेलला. बाहेर झाडावरचे कावळे उडाले. पलीकडच्या मैदानावर क्रिकेट खेळणारेही थांबले.

मॅडमनी हातातले कागद आपटले आणि तरातरा जाळीकडे निघाल्या. "काका! काल मी काय सांगितलं होतं? काय सांगितलं होतं तुम्हाला?"

बाबांनी हात वर केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मॅडम थांबल्या नाहीत. बाबा दुपट्ट्याची गाठ सोडायला लागले. एक गाठ सुटली, दुसरी सुटेना. शेवटी त्यांनी दुपट्टा हनुवटीखाली ओढला आणि काहीतरी म्हणाले.

काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. त्यांच्याजवळ उभी होती म्हणून ते पूजाने ऐकलं, आणि नंतर मला सांगितलं. ते इतक्या हळू बोलले होते की मॅडमना विचारावं लागलं, "काय? जरा मोठ्याने बोला!"

"मी नोहोय जी," बाबा म्हणाले. "थे माही पोरगी होय."