पिवळा ठिपका

द्वारका चौकातून नाशिकरोडकडे निघालं की डाव्या हाताला कोंडाजी पगारेची पत्र्याची टपरी होती. टपरीला पाटी नव्हती. रेडिएटर गळतोय, पाण्याची नळी कुजलीय, असं कुठल्याही ड्रायव्हरने म्हटलं की चौकातला पानवाला हात करून दाखवायचा, "ते काय, पिवळ्या ठिपक्यावाले!"

कोंडाजी येवल्याकडून शहरात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. भद्रकालीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादाने त्याला पितळेचा जोड द्यायला शिकवलं आणि सोबत एक शिस्तही दिली. जोड झाला की नळीचं एक तोंड रबरी बुचाने बंद करायचं, दुसऱ्या तोंडातून पंपाने हवा भरायची आणि नळी हौदात बुडवून बघायची. एकही बुडबुडा आला नाही, तरच जोडावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका ठेवायचा. ठिपका ठेवला म्हणजे शब्द दिला. वर्षातून चौदा एप्रिलला तेवढी टपरी बंद असायची. बाकी अठ्ठावीस वर्षांत हौद कधी कोरडा राहिला नाही. ठिपका असलेली गाडी फक्त दोनदाच परत आल्याचं त्याला आठवत होतं.

कुंभमेळ्याच्या वर्षी त्याला दिव्यांभोवती काळे धागे तरंगताना दिसू लागले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत औषध घालून तपासलं आणि सांगितलं, "साखरेने पडदा खराब केलाय. गेलेली नजर परत यायची नाही. आहे ती सांभाळा."

ही गोष्ट फक्त बायकोला, सुलाबाईला माहीत होती. ती म्हणाली, "आता टपरी बंद करा." तो म्हणाला, "मग मी कोण?"

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पेठकडचा झुंबर भोये त्याची जुनी व्हॅन घेऊन आला. पाड्यावरची माणसं तो नाशिकला आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. पाड्यावर दुसरं वाहन नव्हतं.

"भाऊ, सावळघाटाच्या चढाला उकळतीय. दर खेपेला हंडाभर पाणी पिते."

"पाणी कुठलं घालतोस?"

"हापशाचं. दुसरं कुठलं? परवा हळदबी टाकली पावशेर. बायको लय बोंबलली."

"पावशेर हळद! गाडीचं लगीन लावलं का काय?"

"लावलं असतं भाऊ, पर नवरदेव मिळना."

दोघंही हसले. गळतं रेडिएटर हळदीने बुजतं, हे सगळ्याच ड्रायव्हरांना माहीत होतं. नळीला खरा धोका हापशाच्या खाऱ्या पाण्याने आतून धरणाऱ्या गंजाचा असतो, हे कोंडाजीला माहीत होतं.

त्या व्हॅनचं इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे. दोन लोखंडी नळ्या गाडीच्या पोटाखालून पाणी नेत-आणत. कोंडाजीने त्या उतरवल्या. आतून पिवळा-तांबडा गाळ निघाला. तारेचा ब्रश फिरवला तसे गंजाचे पापुद्रे सुटत गेले, आणि त्याच्या लक्षात आलं की यातली एक नळी लोखंडावर कमी आणि गंजावर जास्त उभी आहे. नखाने दाबत दाबत त्याने कुजलेला भाग शोधला, वीतभर तुकडा कापला आणि त्या जागी नवा बसवून दोन्ही टोकांना पितळ वितळवलं. ज्योतीच्या उजेडात त्याला अजून बरं दिसायचं.

मग त्याने हवा भरून नळी हौदात बुडवली.

पाणी राखाडी दिसत होतं, त्यात काळे धागे तरंगत होते. तो वाकला. नाक पाण्याला लागेपर्यंत वाकला. काहीच दिसेना. कान लावला, तर रस्त्यावरून ट्रक चालले होते. पलीकडे चहाच्या गाडीजवळ झुंबर उभा होता. "जरा इकडं ये, बुडबुडे दिसतायत का बघ," एवढंच म्हणायचं होतं. पण एकदा म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या द्वारकेला कळलं असतं.

कोंडाजीने नळी बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि जोडावर ठिपका ठेवला.

चौथ्या दिवशी झुंबर एस.टी.ने आला. हातात तीच नळी होती.

"काय रे, गाडी?"

"घाटातच हाय. इंजिन जाम झालं. मिस्तरी म्हनला, भंगारात घाल."

कोंडाजी स्टुलावर बसला. "गरमीचा काटा वर गेला असंल की. थांबायचं नाय का?"

"काट्याकडं बघितलंच नाय, भाऊ." झुंबरच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "एरवी दर वळणाला बघायचो. पर तुमचा ठिपका व्हता ना."

कोंडाजीने नळीला बूच लावलं, पंप झुंबरच्या हातात दिला आणि नळी हौदात धरली. "भर हवा."

"हे बघा ना," झुंबर म्हणाला, "ठिपक्याच्या बाजूलाच. माळ लागलीय बुडबुड्यांची."

"मला दिसत नाय, झुंबर. वर्ष झालं."

पंप थांबला.

"भर, थांबू नको." कोंडाजीने दुसरा हात पाण्यात घातला आणि ठिपक्याच्या बाजूला बोटं नेली. बुडबुडे एकामागून एक बोटांवर फुटू लागले, स्पष्ट, मोजता येतील असे. त्या दिवशी नुसता हात घातला असता तरी कळलं असतं. पण बुडबुडे हाताने चाचपणारा कारागीर चारचौघांना दिसला असता, म्हणून हात कोरडा राहिला होता.

"पाड्यावरची माणसं?" त्याने विचारलं.

"काल एक बाळंतीण डोलीत घालून खाली नेली. चौघांनी. आई आन् पोरगी, दोघी वाचल्या." झुंबर उठला. "येतो मी. शेवटची एस.टी. गाठायची हाय."

नळी त्याने तिथेच ठेवली.

कोंडाजीने हौदाचं बूच काढलं. पाणी गटाराकडे वाहत गेलं. तळाशी अठ्ठावीस वर्षांचा गंज बसला होता. त्याने तो हाताने चाचपून पाहिला. पेंटचा डबाही बंद करून टाकायचा होता, पण तो त्याला सापडेना; डबा समोरच उघडा पडला होता.