बायकोनं लावलेलं टरबूज

बायकोचं डायलिसिस सुरू झालं त्या हिवाळ्यात तिनं बजाजनगरच्या आमच्या घरामागं टरबूज लावलं. डॉक्टरांनी मनाई केलेल्या फळांत टरबूज होतंच. प्यायचं पाणीसुद्धा मोजून. मला संताप आला.

"मोगरा लाव, कोरफड लाव. नेमकं हेच कशाला?"

"लोकं खातील ना. तेवढीच आठवण काढतील."

करमाडकडच्या शेतकऱ्याची लेक ती. एकदा हटून बसली की संपलं.

डायलिसिसच्या सुईसाठी डावा हात राखायचा म्हणून तिला ओझं उचलायची बंदी होती. बादल्या मी वाहायचो, कुरकुरत. आळ्यात ओतलेलं पाणी बघता बघता जिरायचं आणि ती शेजारी पाटावर बसून बर्फाचा खडा चघळत ते बघायची. मला ते बघवत नसे. मी बादली आपटून आत निघून जायचो.

आमच्या कंपन्यांच्या वस्तीत मधमाशी कशाला फिरकते? रोज सकाळी ती नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला हलकेच लावायची. फुलं दुपारपर्यंत मिटून जायची, त्यामुळं दवाखान्याच्या दिवशीची वाया जात. एकदोनदा मी लावून पाहिलं, पण माझ्या हातून एकही फळ धरलं नाही. तिच्या हातचं एक तेवढं टिकलं.

उन्हाळ्यापर्यंत ते चांगलं फुगलं. तिचे पायही सुजायला लागले होते. देठाजवळची बाळी, तो वेलीचा वळलेला दोरा, वाळली तशी ती म्हणाली, पिकलं. स्वतःच कापलं, शेजारीपाजारी फोडी पाठवल्या आणि उरलेल्या दोन ताटलीत घालून माझ्यापुढं ठेवल्या.

"खा."

"तू समोर असताना कसं खाऊ?"

"समोर बसूनच बघायचंय मला."

मी खाल्लं. इतकं गोड टरबूज मी बाजारातूनही कधी आणलं नव्हतं. त्याचा मला रागच आला.

"कसं हाय?"

"पाणचट निघालं."

"लबाड बोलू नका. दुसऱ्या फोडीला हात गेलाय तुमचा."

मी हात मागं घेतला. तिनं ती फोड उचलून माझ्या हातात दिली.

"खा. ही माझ्या वाट्याची."

मी ती परत ताटलीत ठेवायला गेलो. पण तिची नजर हलली नाही, म्हणून मी ती बियांसकट खाल्ली.