दगडबाईंची फडकी

माझ्या नणंदेला कॉलेजात सगळे दगडबाई म्हणायचे. मी वन्सं म्हणायचे. यजमान लवकर गेले तेव्हा त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात कॉलेजच्या दगडांच्या खोलीत कामाला लागल्या. दगड धुवायचे, पुसायचे, चिठ्ठी चिकटवून खणात ठेवायचे. तीस वर्षं हेच. आमचे हे म्हणायचे, "ताईनं घरातली भांडी एवढ्या मायेनं घासली असती तर..." पुढचं वाक्य मात्र त्यांनी कधी पुरं केलं नाही. थोरली बहीण होती ना.

मी दुपारचा डबा घेऊन जायचे. ओल्या दगडांचा आणि जुन्या लाकडी खणांचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. एक कपाट तिथं दगडांचं शास्त्र शिकवणाऱ्या सरांचं खास लाडकं. त्यातले दगड ज्वालामुखीच्या काळ्या खडकातले. लाव्हा थंड होताना आत फुगे राहतात, त्या पोकळीत पाणी झिरपून झिरपून पांढरे, गुलाबी स्फटिक जमतात. सर त्यांना झिओलाइट म्हणत. वन्संनी आपल्या सोयीनं त्यांची तीन घरं केली होती. केसांसारखे बारीक ते सुयांचं घर, पापुद्रे सुटणारे ते पानांचं, चौकोनी ते खोक्यांचं.

"तोंडावरून घर कळतं, वहिनी," त्या सांगायच्या. "पण पक्कं करायचं तर पाणी मोजावं लागतं."

या जातीच्या दगडांच्या अंगात पाणी असतं. खडा तोलायचा, भट्टीत तापवायचा, पुन्हा तोलायचा. वजन घटलं तेवढं पाणी. पाणी गेलं तरी खडा बहुतेक मोडत नाही, बिऱ्हाड उठून गेलं तरी भिंती उभ्या राहाव्यात तसा. मला चौथीत एवढं कुणी शिकवलं असतं तर मी पाचवीत गेले असते.

एका वर्षी खाणीतून एक फिकट खडा आला. नखानं ओरखडा उठेना, चाकूनं उठे. दिसायला पानांच्या घरातला, पण पाणी मोजलं तर त्या घरात एवढं कुणाचंच नाही. सरांनी तीनदा मोजलं, तिन्हीदा तेच. म्हणजे दगड नवा, जगात कुणी न पाहिलेला, आणि त्याला नाव द्यायचा मान सरांचा. जन्मभर दुसऱ्यांनी नाव दिलेले दगड शिकवलेला माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी एक खण रिकामा करून घेतला आणि परदेशी पाठवायला लेख लिहून काढला.

अशात एका गुरुवारी वन्सं घरी आल्या. माझ्यासमोर भाजी निवडायला बसल्या आणि देठ ठेवून पानं टाकू लागल्या.

"वन्सं, आज आम्हाला देठच खायला घालणार का?"

"त्या खड्याचं वजन आज कमी भरलं," त्या म्हणाल्या. "पारड्यात राहिला होता, पुसताना काटा दिसला."

"मग? सांडला असेल कण."

"नाही गं. सर तोलतात सोमवारी. मी दगड धुते सोमवारी. आणि धुतलेली फडकी वाळत घालते तिथेच, भट्टीच्या उबेला. मी मुद्दाम एक ओलं फडकं टांगून बसले. कुणी हात न लावता काटा सरकला. तो खडा हवेतलं पाणी पितो, वहिनी. जास्तीचं पाणी माझ्या फडक्यांचं आहे."

मी म्हटलं, "गप्प बसा. सरांच्या आनंदावर तुम्ही का पाणी ओतता? वर नोकरी जाईल."

"आणि तिकडच्या लोकांनी मोजलं म्हणजे? माणसाची शोभा होईल."

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. म्हटलं धीर द्यायला. खरं तर मला राहवत नव्हतं. सर लिफाफा चिकटवत होते.

"सर, फडकी माझी आहेत," वन्संनी सुरुवातच अशी केली.

"कोणती फडकी?"

वन्संनी फडकं भिजवून दोरीवर टाकलं आणि काट्याकडे बोट केलं. आम्ही तिघं उभे. मी सरांकडे पाहत होते. काटा सरकायला लागला तसा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पण काटा काही मागे फिरला नाही.

"दर सोमवारी?" त्यांनी विचारलं.

"दर सोमवारी."

त्यांनी फडकी बाहेर काढायला लावली आणि तीन दिवस दार लावून मोजमाप केलं. दगड पानांच्याच घरातला निघाला. दुर्मीळ खरा, जगात दोन-तीनच ठिकाणी सापडलेला, पण नाव आधीच पडलेलं. लिफाफा गेला नाही. सर महिनाभर वन्संशी कामापुरतंही नीट बोलले नाहीत. वन्सं घरी येऊन म्हणायच्या, "आजही 'हं'," आणि पोळ्या जरा जास्तच जोरात लाटायच्या.

मग एका सोमवारी मी डबा घेऊन गेले तर सर तराजूच्या काचेवर हात ठेवून उभे. झाकण उघडलेलं नाही.

"बाई, हवा कशी आहे आज?"

वन्संनी दोरीवरून हात फिरवला, खिडकीशी जाऊन आल्या. "दमट आहे. उद्या तोला."

सरांनी हात काढला आणि डब्यात काय आहे ते मला विचारलं. पुढची दोन वर्षं वन्संनी हो म्हटल्याशिवाय त्या तराजूत खडा पडला नाही. सरांनी नाव दिलेला दगड काही निघाला नाही. निवृत्त झाल्यावरही ते कधीमधी आमच्या दारावरून जायचे, फाटकाशी थांबायचे आणि आत न येता हवेची चौकशी करायचे.